हरवलेली भावंडे आणि बंद नोंदवह्या

हरवणे आणि सापडणे हा कथावाङ्मयाचा फार जुना विषय आहे. माशाच्या पोटातून अंगठी निघते आणि दुष्यंताला शकुंतला आठवते. योसेफाला त्याचे भाऊ विकून टाकतात आणि पुढे दुष्काळच त्यांना त्याच्या दाराशी आणून उभे करतो. खूण, योगायोग आणि अश्रू या तीन विटांवर अशी कथा उभी राहते. आपल्या हिंदी चित्रपटाने त्यांवर गाण्याचा गिलावा केला, एवढेच. १९४३ सालच्या ‘किस्मत’पासून ‘वक्त’ (१९६५), ‘यादों की बारात’ (१९७३) आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) पर्यंत ताटातूट झालेल्या कुटुंबाने प्रेक्षकांना रडवले, हसवले आणि चित्रपटगृहे भरून काढली.

या विषयाचा विचार गंभीरपणे करावा असे आम्हांस वाटले, त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत हरवलेल्या बालकांच्या आणि भावंडांच्या शोधावर काही सत्यकथा पुस्तकरूपाने आल्या, त्यांवर चित्रपट निघाले, आणि आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत ते पाहिलेही गेले. पाहताना डोळे ओले झाले असतील. परंतु डोळे पुसल्यानंतर या कलाकृतींनी आपल्याला काय विचारले, याची चर्चा मात्र झाली नाही. ती चर्चा करणे हे साहित्यविषयक नियतकालिकाचे काम आहे. आणि यांपैकी काही कथांत ख्रिस्तसभा स्वतःच एक पात्र असल्यामुळे ते आपले अधिकच काम आहे.

योगायोगाचे राज्य

प्रथम आपल्या लाडक्या ‘अमर अकबर अँथनी’विषयी. या चित्रपटाचा एक नायक आपल्यातला आहे, याचे आपल्या समाजाला कोण अप्रूप! तीन भाऊ एका स्वातंत्र्यदिनी गांधीजींच्या पुतळ्यापाशी एकमेकांना अंतरतात. एकाला पोलीस अधिकारी वाढवतो, दुसऱ्याला मुसलमान शिंपी आणि तिसऱ्याला कॅथोलिक पाद्री. मनमोहन देसाई यांनी सर्वधर्मसमभावाचे जे गोड चित्र रंगवले, ते आजही मन प्रसन्न करते. त्या प्रसन्नतेला आम्ही बोट लावणार नाही.

तथापि समीक्षकाने दोन गोष्टींकडे लक्ष वेधलेच पाहिजे. पहिली ही, की या भावांपैकी कोणी कोठे नोंदी चाळीत नाही, कोणी पत्ता विचारीत गावोगाव फिरत नाही. शोधाचे सगळे कष्ट दिग्दर्शकाने स्वतःच्या शिरावर घेतले आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्रपटाच्या आरंभीच, श्रेयनामावली झळकत असताना, तीन अनोळखी तरुणांचे रक्त एकाच वेळी एका अनोळखी स्त्रीच्या देहात वाहू लागते. आणि ती स्त्री म्हणजे त्यांची आई! वैद्यकशास्त्राला हे मान्य होणार नाही, पण दिग्दर्शकाला शास्त्र सांगायचेच नव्हते. रक्त रक्ताला ओळखते, हा लोकमानसातील विश्वास त्याला चित्रांतून सांगायचा होता. आणि त्या विश्वासाची किंमत कोण मोजतो? ज्याने अनाथ पोराला घास भरवला, नाव दिले, तो पाद्री कथेच्या मध्येच मारला जातो. रक्ताचे नाते पडद्यावर येण्यासाठी पोसण्याचे नाते पडद्याआड जावे लागते. आपल्या करमणुकीच्या कथांनी आपल्याला लावलेले हे वळण आहे.

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा या दृष्टीने किती वेगळी आहे, हे पाहण्याजोगे आहे. सतराव्या वर्षी विकला गेलेला योसेफ तिसाव्या वर्षी मिसर देशाचा अधिकारी होतो. सुबत्तेची सात वर्षे आणि दुष्काळाची दोन वर्षे लोटतात. एवढ्या काळात हाती सत्ता असूनही तो कनान देशात एक जासूद धाडीत नाही. आपल्या पहिल्या मुलाचे नावही तो विस्मरणाशी जोडतो. भाऊ समोर आल्यावर तो त्यांना ओळखतो, ते मात्र त्याला ओळखीत नाहीत. आणि तरीही तो लगेच गळ्यात पडत नाही. तो त्यांना पारखतो, आडोशाला जाऊन रडतो, तोंड धुऊन परत येतो. उत्पत्तीच्या ग्रंथकाराला मानवी मन फार खोलवर ठाऊक होते. भेट म्हणजे शेवट नव्हे. भेटीनंतर जुन्या अपराधाचा हिशेब सुरू होतो, हे त्याने जाणले होते. आधुनिक कलाकृती पारखण्यासाठी आम्ही हाच निकष लावणार आहोत.

खांडव्याचा शेरू

सरू ब्रायर्ली यांचे ‘अ लाँग वे होम’ हे आत्मकथन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर गार्थ डेव्हिस यांनी दिग्दर्शित केलेला ‘लायन’ हा चित्रपट २०१६ मध्ये आला. कथा मध्य प्रदेशातील खांडव्याची. खानदेशाच्या वेशीवरील बुऱ्हाणपूर स्थानकावर पाच वर्षांचा एक पोर १९८६ साली आपल्या थोरल्या भावाची, गुड्डूची, वाट पाहत झोपी जातो. जाग आल्यावर रिकाम्या गाडीत शिरतो आणि थेट कलकत्त्यास पोहोचतो. त्याला बंगाली येत नाही. स्वतःच्या वस्तीचे नाव ‘गणेश तलाई’ हे त्याच्या बोबड्या तोंडी असे काही होते, की कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे दिली जातात. परंतु कलकत्त्याच्या वर्तमानपत्रातील छायाचित्र खांडव्याच्या झोपडीत, अक्षरओळख नसलेल्या आईपर्यंत कसे पोहोचावे? १९८७ साली ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे एक दाम्पत्य त्याला दत्तक घेते. पंचवीस वर्षांनी, आगगाडीचा वेग आणि प्रवासाचे तास यांचा अंदाज बांधून त्याने संगणकाच्या नकाशावर कलकत्त्याभोवती एक वर्तुळ आखले आणि उपग्रहाने टिपलेल्या चित्रांतून लोहमार्ग धुंडाळण्यास आरंभ केला. शेवटी स्थानकाजवळची पाण्याची टाकी त्याला दिसली, ती त्या वर्तुळाच्या बाहेर! २०१२ साली तो खांडव्यास आईसमोर उभा राहिला. गुड्डू मात्र नव्हता. ज्या रात्री धाकटा हरवला, त्याच रात्री थोरला रुळांवर मरण पावला होता.

चित्रपटाचा पूर्वार्ध आम्हांस उत्तम वाटला. कॅमेरा पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवर राहतो. हावड्याच्या गर्दीत आपल्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, गुडघे दिसतात. आपल्या मुंबईचा बालनट सनी पवार याने फार थोड्या शब्दांत भूमिका पेलली आहे. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडण्याचा मोह दिग्दर्शकाने बऱ्याच अंशी आवरला आहे. उत्तरार्ध त्या मानाने सैल. शोध म्हणजे पडद्यावरच्या पडद्याकडे टक लावून बसलेला तरुण, असे होऊन जाते. पुस्तकात आलेली हिशेबाची, फसलेल्या अंदाजांची, पुन्हा पुन्हा आरंभ करण्याची चिकाटी चित्रपटात नीटशी उतरलेली नाही.

परंतु आमचा मुख्य मुद्दा निराळा आहे. या कथेत सरूला दोन भाऊ नाहीत, तीन आहेत: रक्ताचे गुड्डू आणि कल्लू, आणि तिसरा मंतोष. ब्रायर्ली दाम्पत्याने सरूनंतर भारतातूनच दत्तक घेतलेला हा मुलगा. सरूच्या वाट्याला भुकेचे दिवस आले, मंतोषच्या वाट्याला त्याहून काळे दिवस आले होते. तो आला तो मनाच्या जखमा घेऊन. चित्रपटात नव्या घरात पाऊल टाकताच तो स्वतःचे डोके बडवून घेऊ लागतो, आणि आपण चरकतो. पण त्यानंतर दिग्दर्शकाला त्याचे काय करावे ते सुचत नाही. सरू यशस्वी, मंतोष बिथरलेला. सरू आईचा आनंद, मंतोष आईची चिंता. अशी एक तुलना तेवढी उरते. ज्या भावाचा मृत्यू ठाऊक नाही, त्याच्या स्वप्नात सरू रमतो, आणि जो भाऊ त्याच गावात एकाकी राहतो त्याच्याकडे त्याची पाठ असते. हा विरोध कथेत आहे. चित्रपट त्याच्या कडेने जातो, त्याच्या तळाशी उतरत नाही.

एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. तुला स्वतःची मुले झाली असती तर ती कोऱ्या कागदासारखी असती, अशा आशयाचे सरू आपल्या दत्तक आईला सांगतो. आमच्याबरोबर तू आमचा भूतकाळही दत्तक घेतलास, याची त्याला खंत वाटते. त्यावर ती जे सांगते ते साऱ्या चित्रपटाचे मर्म आहे: मुले होत नव्हती म्हणून आम्ही तुम्हांला आणले नाही, होऊ शकत होती, तरी आम्ही तुम्हांला निवडले. निकोल किडमन यांनी हा प्रसंग कोणताही आव न आणता सादर केला आहे. अँथनीच्या पाद्रीला जे बोलण्याची संधी मिळाली नाही, ते या आईच्या तोंडून आपण ऐकतो. आणि दुसरी आई? ती खांडव्याच्या त्याच वस्तीत राहिली. मुलगा परत आला तर त्याने आपल्याला कोठे शोधायचे, एवढ्याचसाठी तिने ती जागा सोडली नाही. शोधणाऱ्याच्या कौशल्याचे जगभर कौतुक झाले, ते योग्यच. पण वाट पाहणारी जागेवर नसती, तर नकाशा घेऊन आलेला मुलगा रिकाम्या दाराशी उभा राहिला असता.

रॉसक्रेची कबर

आता त्या कथेकडे वळू, जी वाचताना धर्मगुरूच्या मनाला अधिक यातना होतात. पत्रकार मार्टिन सिक्सस्मिथ यांचे ‘द लॉस्ट चाइल्ड ऑफ फिलोमिना ली’ हे पुस्तक २००९ मध्ये आले आणि स्टीफन फ्रिअर्स यांचा ‘फिलोमिना’ हा चित्रपट २०१३ मध्ये. फिलोमिना ही आयर्लंडमधील कॅथोलिक मुलगी. लग्नावाचून दिवस गेल्यामुळे घरच्यांनी तिला रॉसक्रे येथील धर्मभगिनींच्या आश्रमात पोहोचवले. १९५२ साली तिला मुलगा झाला. अँथनी त्याचे नाव. आश्रमाच्या धुलाईघरात राबत तिने त्याला साडेतीन वर्षे डोळ्यांसमोर वाढताना पाहिले. १९५५ च्या डिसेंबरात एका अमेरिकन कुटुंबाने त्याला नेले. आपल्या मुलावरील हक्क सोडल्याचा कागद तिच्याकडून आधीच लिहून घेतलेला होता.

अमेरिकेत तो मायकेल झाला, कायदेपंडित झाला, रिपब्लिकन पक्षाच्या वरिष्ठ विधिसल्लागाराच्या पदापर्यंत चढला. आपली आई कोण, हे विचारीत तो समुद्र ओलांडून रॉसक्रेस आला. त्याला उत्तर मिळाले नाही. त्याच आश्रमाच्या दारात आईही जाऊन आली. तिलाही उत्तर मिळाले नाही. १९९५ साली एड्सच्या आजाराने त्याचा मृत्यू झाला. त्याआधी त्याने आपली कबर रॉसक्रेच्याच आवारात व्हावी अशी इच्छा व्यक्त केली होती. जिवंतपणी आश्रमाने जे सांगितले नाही, ते आपल्या कबरीवरील दगडाने कधीतरी आईला सांगावे, एवढाच त्यात हेतू! आणि तसेच झाले.

या चित्रपटावर काही कॅथोलिक मंडळींनी ख्रिस्तसभेच्या निंदेचा आरोप केला. त्याचा निवाडा करताना आम्ही दोन्ही बाजू पाहू इच्छितो. शेवटच्या प्रसंगात वृद्ध सिस्टर हिल्डगार्ड चाकांच्या खुर्चीत बसून फिलोमिनाला आणि पत्रकाराला कठोर शब्दांत फटकारतात. हा प्रसंग घडलेलाच नाही. सिस्टर हिल्डगार्ड यांचे निधन १९९५ साली झाले होते. पत्रकाराला ही कथा कळली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. हयात नसलेल्या, नावानिशी उल्लेखिलेल्या धर्मभगिनीच्या तोंडी अशी वाक्ये घालणे हे कलास्वातंत्र्याच्या मर्यादेत बसत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कथेला एक खलनायक हवा म्हणून लेखकांनी तो उभा केला, आणि तसे करताना स्वतःच्याच सत्यकथेला कमकुवत केले. कारण या कथेतील दुःख एका दुष्ट व्यक्तीमुळे निर्माण झालेले नाही. ते सुस्वभावी, प्रार्थनाशील, आज्ञाधारक माणसांनी चालविलेल्या एका व्यवस्थेतून निर्माण झाले. अब्रूला जपणारे आईबाप, गप्प राहणारे गाव, डोळेझाक करणारे शासन आणि नोंदवहीला कुलूप लावणारा आश्रम, असे सगळेच त्यात भागीदार होते. खलनायक दाखविला की प्रेक्षक सुटतो. व्यवस्था दाखविली असती तर तो सुटला नसता.

परंतु एवढे म्हणून मुख्य वस्तुस्थिती पुसली जात नाही. मुलाने विचारले आणि आईने विचारले. दोघांच्या मधोमध एक भिंत राहिली. ती भिंत आपल्यापैकीच कोणाची होती. आयर्लंडच्या शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माता आणि बालकांसाठी चालविलेल्या अठरा संस्थांच्या या चौकशीत सुमारे ९,००० बालमृत्यूंचा आकडा समोर आला. तेथील पंतप्रधानांनी आणि ख्रिस्तसभेच्या वरिष्ठांनीही क्षमायाचना केली. २०२२ साली दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माची माहिती मिळण्याचा हक्क देणारा कायदा झाला. मायकेलला जे हवे होते ते त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी कायद्याने देऊ केले.

येथेही आम्हांस एक भावंड दिसते, ज्याकडे लेखक आणि दिग्दर्शक दोघांचेही लक्ष पुरेसे गेलेले नाही. अमेरिकन दाम्पत्य मुळात एका मुलीला, मेरीला, नेण्यास आले होते. पण अँथनी तिला सोडीना, म्हणून दोघांनाही नेले. रक्ताचे नाते नसलेली ही दोन बालके एकाच विमानातून एकाच घरी गेली आणि भाऊ-बहीण म्हणून वाढली. नव्या देशात, नव्या नावांच्या गर्दीत, जुने जग जाणणारे त्यांना परस्परांवाचून कोणी नव्हते. पुस्तक मुलाचे झाले, चित्रपट आईचा झाला. मेरी दोन्हींकडे साक्षीदारापुरती उरली. मंतोष आणि मेरी! दोन वेगळ्या कलाकृतींत एकाच प्रकारचे पात्र असे कोपऱ्यात बसलेले दिसावे, हा योगायोग नव्हे. पोसलेल्या भावंडाचे काय करायचे, हे आपल्या कथनपरंपरेला अजून उमगलेले नाही.

चित्रपटाच्या अखेरीस फिलोमिना क्षमा करते. पत्रकाराला ते जमत नाही. पुष्कळ प्रेक्षकांना ही क्षमा सर्वांत भावली, आणि आम्हांसही ती थोर वाटते. तरी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहावे. पीडिताने केलेली क्षमा हे पीडिताचे मोठेपण असते. ती अपराध्याची पावती नसते. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आपण लहानपणीच घेतलेली आहे: पश्चात्ताप, पापाचा उच्चार आणि परिमार्जन. फिलोमिनाची क्षमा यांतील एकाही गोष्टीची जागा घेऊ शकत नाही. चोरलेली वस्तू परत करणे हे जर परिमार्जन असेल, तर दडवलेली माहिती परत करणे हेही परिमार्जनच आहे. चित्रपट क्षमेपाशी थांबतो. ख्रिस्ती वाचकाला तेथे थांबता येणार नाही.

याच पंक्तीत जिम लोच यांचा ‘ऑरेंजेस अँड सनशाइन’ (२०१०) हा चित्रपट बसतो. ब्रिटनमधून हजारो बालके ऑस्ट्रेलियात धाडली गेली. तुमचे आईबाप वारले, असे त्यांतील कित्येकांना खोटेच सांगण्यात आले. भावंडांचीही ताटातूट झाली. नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गारेट हम्फ्रीज यांनी १९८७ साली एक संस्था स्थापून त्यांचे आप्त शोधण्याचे काम हाती घेतले, त्याची ही हकिगत. या बालकांपैकी काहींचा सांभाळ करणाऱ्या संस्थांत कॅथोलिक संस्थाही होत्या, आणि तेथील छळाचा उल्लेख चित्रपट टाळीत नाही. कलाकृती म्हणून तो ‘फिलोमिना’इतका रेखीव नाही. पण त्याचा संयम आम्हांस अधिक मोलाचा वाटला: त्यात अश्रूंपेक्षा कागद अधिक आहेत. जन्मदाखले, प्रवाशांच्या याद्या, विवाहनोंदी यांचे ढीग उपसत एक बाई वर्षानुवर्षे बसते. खरा शोध असाच असतो.

आपल्या वाङ्मयातील एक घर

पोसलेल्या भावंडासाठी आपल्या भाषेत शब्द आहेत. एकाच अंगावर प्यालेले ते दूधभाऊ. प्रेमाने जोडलेला तो मानलेला भाऊ. परंतु एकाच ताटात वाढलेल्या परक्या मुलाला आपण ‘पोसलेला’ म्हणतो, आणि त्या शब्दात उपकाराची एक बारीक धार असते. या धारेला उत्तर आपल्याच मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील ते घर आठवावे, जेथे पोटची मुले आणि आणलेली मुले यांच्यात भिंत नव्हती. कवी बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले. १९१८ साली खानदेशातील भादली स्थानकाजवळ लोहमार्गावर त्यांचा अपघाती मृत्यू झाला. लक्ष्मीबाईंनी ज्या मायेने त्यांच्याविषयी लिहिले, त्यात आप्त आणि परका हा भेद वाचकाला शोधूनही सापडत नाही. पाश्चात्त्य चित्रपटाला जे दोन तासांत साधले नाही ते या अल्पशिक्षित बाईंनी घरगुती मराठीत साधले. आपल्या मुलांनी ‘लायन’ अवश्य पाहावा. त्याबरोबर ‘स्मृतिचित्रे’ही वाचावीत.

नोंदवहीचा धर्म

समीक्षा कलाकृतीपाशी संपावी, असा संकेत आहे. पण ज्या कलाकृती आपल्या दाराशी येऊन प्रश्न विचारतात, त्यांना दारातच निरोप देणे सभ्यपणाचे नाही.

प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्काराची नोंदवही ठेवावी आणि ती जपावी, असे ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचे कलम ५३५ सांगते. दत्तक बालकाची नोंद कशी करावी हे कलम ८७७ सांगते: दत्तक घेणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि मुलकी नोंदीत जन्मदात्यांची नावे लिहिली जात असतील, तर बिशप परिषदेच्या नियमांना धरून तीही लिहावीत. म्हणजे मूळ पुसून टाकण्याचा आदेश ख्रिस्तसभेने कधी दिलेला नाही. पुसले ते लोकलज्जेने.

आपल्या देशात प्रश्नाला आणखी एक पदर होता. १९५६ सालचा हिंदू दत्तकविधानाचा कायदा ख्रिस्ती कुटुंबांना लागू नव्हता. आपली माणसे १८९० सालच्या कायद्यान्वये केवळ पालक होऊ शकत. घरात वाढलेले मूल कायद्याच्या दृष्टीने मूल नसे, पाल्य असे. बालन्यायाचा २००० सालचा कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनंतर ही वाट मोकळी झाली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते, असे स्पष्ट केले. त्यापूर्वी आपल्या वाड्यांतून, आळ्यांतून जी बालके ‘आणलेली’ म्हणून वाढली, त्यांची कागदोपत्री ओळख अनेकदा चर्चच्या नोंदवहीतील एका ओळीपुरतीच राहिली. ती ओळ पुसट झाली, की माणूस पुसट होतो.

दत्तकविषयक नियमांत आपल्या मुळांचा शोध घेण्याची तरतूद आज आहे. सज्ञान झालेली व्यक्ती स्वतः तसा अर्ज करू शकते. तिच्या वतीने त्रयस्थाने शोध घेण्यास मात्र मनाई आहे. जन्मदात्या आईने आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर तिची संमती लागते. ही मर्यादा आम्हांस योग्य वाटते. फिलोमिनाने पन्नास वर्षे आपले दुःख स्वतःच्या मुलांपासूनही लपवले होते. तसेच आयुष्य कंठणारी दुसरी एखादी स्त्री आपल्या गावातही असेल. तिच्या दारावर अनोळखी हाताने अचानक थाप मारणे म्हणजे सत्याची सेवा नव्हे. म्हणून नोंदवही चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की नोंद असताना ‘नोंद नाही’ असे उत्तर कोणत्याही धर्मगुरूने, धर्मभगिनीने वा कारकुनाने देऊ नये. ‘माहिती आहे, ती देण्यापूर्वी एका व्यक्तीला विचारावे लागेल,’ असे म्हणता येते. या दोन उत्तरांमधील अंतर म्हणजे रॉसक्रेचे अंतर आहे.

आणि कुटुंबांसाठीही एक शब्द. ज्या घरात बाहेरून आलेले मूल वाढते आहे, तेथे त्याला सत्य त्याच्या वयाला झेपेल अशा भाषेत, घरच्यांकडूनच कळावे. लग्नाच्या मांडवात एखाद्या मावशीच्या तोंडून नव्हे. ते आले तेव्हा अंगावर होते ते कपडे, एखादे छायाचित्र, जुने नाव, हाती आलेले कागद हे सारे जपून ठेवावे. सरूच्या हाती एवढेही नव्हते. पाण्याच्या एका टाकीच्या आठवणीवर त्याने पंचवीस वर्षे काढली. त्याच घरातील इतर मुलांनाही समजावून सांगावे, की हा भाऊ उद्या आपले मूळ शोधू लागला तर तो तुम्हांला सोडून चाललेला नाही. त्याच्याबरोबर एखाद्याने जावे.

निर्गमाच्या ग्रंथात नदीत सोडलेल्या पेटीचे काय होते ते पाहण्यासाठी दूर लव्हाळ्यांत एक बहीण उभी राहते. तिच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही. तिला फक्त ठाऊक आहे, की हे बालक कोणाचे आहे. योग्य क्षणी ती पुढे होते, राजकन्येशी अदबीने बोलते आणि ज्या आईचे बाळ होते तिच्याच हाती दूध पाजण्यासाठी ते परत देववते. राजकन्येचे ती काही हिरावून घेत नाही आणि आईलाही वंचित ठेवीत नाही. जिच्यापाशी माहिती आहे तिने कसे वागावे, याचा याहून नेटका पाठ आम्हांस कोणत्याही चित्रपटात आढळला नाही. आपल्या धर्मग्रामांच्या कपाटांत ज्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्यांच्या रखवालदारांनी हा पाठ वाचावा. पानांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांची नीट नक्कल करून ठेवावी आणि कोणी विचारीत आले तर त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.